उतारवयातील धावणे : आयुष्य, हृदय आणि गुडघे

लांब पल्ल्याच्या धावण्यामुळे म्हातारपण निरोगी जाते का, या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतलेले आहेत. धावणाऱ्यांचे आयुष्य वाढते का, हा पहिला. अखेरच्या वर्षांतले परावलंबन त्यामुळे पुढे ढकलले जाते का, हा दुसरा. गुडघ्यांना आणि हृदयाला त्याची झळ बसते का, हा तिसरा. आणि किती धावावे व कोणत्या वयात सुरू करावे, हा चौथा. या चारही प्रश्नांवर गेली सत्तर वर्षे संशोधन चालू आहे, परंतु चारही उत्तरे सारख्या खात्रीने देता येत नाहीत. कोठे पुरावा भक्कम आहे आणि कोठे तज्ज्ञांची मते अजून जुळलेली नाहीत, हे वेगवेगळे पाहिले तरच या विषयाचे नीट आकलन होते.

धास्तीपासून लाटेपर्यंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दमछाक करणाऱ्या व्यायामाकडे वैद्यक संशयाने पाहत असे. १८९९ मध्ये स्वीडनमधील हेन्शेन या डॉक्टरांनी बर्फावर लांब अंतर काटणाऱ्या स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून तपासणी केली आणि त्यांचे हृदय आकाराने मोठे असल्याचे नोंदवले. हेन्शेन यांनी स्वतः या वाढीला आजार मानले नव्हते. तरीही ‘खेळाडूचे हृदय’ म्हणजे थकलेले, बिघडलेले हृदय असा समज पुढे बराच काळ टिकला. चाळिशी उलटलेल्या माणसाने धावावे, असा सल्ला त्या काळात क्वचितच कोणी दिला असेल.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली ती लंडनच्या दुमजली बसमधून. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. याच मॉरिस यांनी १९५६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांचा कमरेचा घेर नोकरीला लागतानाच कंडक्टरांपेक्षा जास्त होता. मग फरक कामाने पडला की मुळातच वेगळी माणसे वेगळ्या कामांकडे गेली? या क्षेत्रातला हा मूलभूत पेच असा पहिल्या काही वर्षांतच पुढे आला आणि तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

अमेरिकेत राल्फ पॅफेनबर्गर यांनी गोदी कामगार आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. सुमारे १७,००० माजी विद्यार्थ्यांवरच्या त्यांच्या १९८६ च्या लेखात आठवड्याला २,००० किंवा अधिक कॅलरी हालचालीत खर्च करणाऱ्यांचा मृत्युदर एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने कमी आढळला. पॅफेनबर्गर स्वतः पंचेचाळिशीच्या सुमारास धावू लागले आणि पुढे त्यांनी दीडशेहून अधिक मॅरेथॉन पूर्ण केल्या.

दरम्यान धावणे मैदानातून रस्त्यावर आले होते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी मध्यमवयीन, काहीशा स्थूल माणसांना सावकाश धावायला लावले. १९६२ मध्ये ते पाहून परतलेल्या बिल बॉवरमन यांनी जॉगिंग अमेरिकेत रुजवले. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकल्यावर धावण्याची लाटच आली. जर्मनीत एर्न्स्ट फान आकेन हे डॉक्टर स्त्रियांनी आणि वृद्धांनीही लांब, संथ धावावे असे आग्रहाने सांगत होते. १९७५ मध्ये टोरांटोत प्रौढ खेळाडूंची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा झाली. पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडून स्पर्धा घेण्याची पद्धत त्यानंतर जगभर रूढ झाली.

लाटेबरोबर अतिशयोक्तीही आली. मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या आणि धूम्रपान न करणाऱ्या माणसाला हृदयधमन्यांच्या आजाराने मृत्यू येत नाही, असा दावा थॉमस बॅस्लर या कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात केला. १९७९ मध्ये टिमथी नोक्स आणि सहकाऱ्यांनी मॅरेथॉन धावकांच्या शवविच्छेदनात धमन्यांतील अडथळे दाखवून तो खोडून काढला. धावण्यावर अत्यंत लोकप्रिय पुस्तक लिहिणारे जिम फिक्स १९८४ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी धावतानाच मरण पावले. त्यांच्या धमन्यांत मोठे अडथळे आढळले. त्यांच्या वडिलांचाही हृदयविकाराने अकाली मृत्यू झाला होता. धावणे आनुवंशिक धोका पुसून टाकत नाही, हे या घटनेने ठळक केले.

वय आणि दमसास

शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. बोलीभाषेत ज्याला दम म्हणतात, त्याचे हे प्रयोगशाळेतले माप. तिशीनंतर बैठे जीवन जगणाऱ्यांत ते दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी घटते. हृदयाचे कमाल ठोके वयानुसार कमी होतात आणि कितीही सराव केला तरी ही घट थांबत नाही. परंतु हृदयाच्या भिंतींची लवचिकता, एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त, स्नायूंतील केशवाहिन्या आणि पेशींतील ऊर्जानिर्मिती यांवर सरावाचा परिणाम होतो. त्यामुळे जोमाने धावत राहणाऱ्यांत घसरणीचा वेग बराच कमी आढळला आहे. मात्र वयपरत्वे सरावही कमी होत जातो, म्हणून निव्वळ वयाचा वाटा किती आणि कमी झालेल्या सरावाचा किती, हे वेगळे करणे कठीण जाते.

या संदर्भात डॅलसमधील एक छोटा प्रयोग वारंवार उद्धृत होतो. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयोमानाने त्यांचा दम जेवढा घटला होता, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांत तो अधिक घटला होता, असे दिसले. माणसे मोजकी असली, तरी वार्धक्याच्या खात्यात जमा होणारी बरीचशी हानी निष्क्रियतेची असते, या विचाराला त्यातून बळ मिळाले.

या मापाचा रोजच्या जगण्याशी थेट संबंध आहे. जिना चढणे, पिशव्या उचलून आणणे, स्वतःचे स्वतः आवरणे यांसाठी दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण १५ ते १८ मिलिलिटर ऑक्सिजन वापरण्याची क्षमता लागते, असे मानले जाते. ज्याची शिल्लक साठीत मोठी, तो या रेषेखाली उशिरा जातो.

आयुष्य किती वाढते

निरीक्षणांवर आधारलेला पुरावा मोठा आहे आणि त्याची दिशाही एकच आहे. कूपर यांच्या डॅलस येथील केंद्रात नोंदल्या गेलेल्या ५५,१३७ व्यक्तींचा सरासरी १५ वर्षांचा पाठपुरावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. धावणाऱ्यांत एकूण मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी कमी दिसला. आयुर्मानातील फरक सुमारे तीन वर्षांचा होता. त्यातही लक्षवेधी बाब अशी की, रोज पाच-दहा मिनिटे सावकाश धावणाऱ्यांनाही लाभ दिसला. पुढे १४ अभ्यासांतील दोन लाख ३२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात एकूण मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी कमी आढळला आणि जास्त धावल्याने जास्त लाभ होतो असे काही सिद्ध झाले नाही.

या निष्कर्षांवरचा मुख्य आक्षेप मॉरिस यांच्या गणवेशांइतकाच जुना आहे. जो आधीच निरोगी, सडपातळ आणि निर्व्यसनी आहे तोच धावतो, आणि आजारी पडला की धावणे सोडतो. सांख्यिकी दुरुस्त्या करूनही हा भेद पूर्णपणे मिटत नाही. फिनलंडमधील जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत सुरुवातीला सक्रिय भावंडाचा मृत्युदर कमी दिसला होता. मात्र जनुके तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांपुरते पाहिले, तेव्हा तो फरक बराच पुसट झाला. म्हणजे धावण्याची आवड आणि दीर्घायुष्य या दोहोंच्या मुळाशी काही अंशी समान जनुके असू शकतात.

चिठ्ठ्या टाकून गट पाडणारे प्रयोग हा पेच सोडवू शकतात, पण मृत्यूसारखा परिणाम मोजायला फार काळ लागतो. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे ७० ते ७७ वयोगटातील १,५६७ व्यक्तींवर पाच वर्षे असा प्रयोग झाला. तीव्र व्यायाम किंवा मध्यम व्यायाम करवून घेतलेले गट आणि केवळ राष्ट्रीय शिफारशी पाळायला सांगितलेला गट यांच्या एकूण मृत्युदरात ठोस फरक आढळला नाही. तुलनेचा गटही बराच सक्रिय राहिला, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. म्हणून आयुर्मानवाढीचा दावा करताना ‘संबंध दिसतो’ आणि ‘कारण सिद्ध झाले’ यांतील अंतर राखणे आवश्यक ठरते.

परावलंबन पुढे ढकलणे

१९८० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स फ्राइज यांनी एक विचार मांडला. आयुष्य वाढवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आजारपणाचा अखेरचा काळ आखूड करण्याला आहे, आणि तो जीवनशैलीने आखूड करता येईल. टीकाकारांचे म्हणणे उलट होते. माणसे जास्त जगली तर आजारपणाची वर्षेही वाढतील.

ही मांडणी तपासण्यासाठी स्टॅनफर्डमध्ये १९८४ साली पन्नाशी ओलांडलेले ५३८ धावक आणि ४२३ न धावणारे यांचा पाठपुरावा सुरू झाला. १९ वर्षांनी धावकांपैकी १५ टक्के, तर इतरांपैकी ३४ टक्के मरण पावले होते. कपडे घालणे, चालणे, खुर्चीतून उठणे यांसारख्या कामांतील अडचण धावकांतही आली, पण तिची सुरुवात सुमारे १६ वर्षे उशिरा झाली, आणि वय वाढत गेले तशी दोन्ही गटांतील दरी रुंदावत गेली. निवडीचा आक्षेप इथेही लागू होतोच. तरीही फ्राइज यांच्या मांडणीला मिळालेला हा सर्वांत ठळक आधार मानला जातो.

या बाबतीत प्रयोगांचाही दुजोरा आहे. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या व्यक्तींवर झालेल्या ‘लाइफ’ या प्रयोगात नियमित चालणे आणि पूरक व्यायाम करणाऱ्या गटात चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाला. तो प्रयोग चालण्याचा होता, धावण्याचा नव्हता. धावण्याचा वेगळा परिणाम कोलोरॅडोतील २०१४ च्या एका अभ्यासात दिसतो. नियमित धावणारे वृद्ध चालताना तरुणांइतकीच ऊर्जा खर्च करत होते, तर केवळ चालण्याचा व्यायाम करणाऱ्या वृद्धांना तेवढ्याच चालीसाठी जास्त ऊर्जा लागत होती. सहभागी थोडे असल्याने हा निष्कर्ष सूचक मानावा लागतो.

गुडघ्यांचा प्रश्न

धावल्याने गुडघे झिजतात, हा सर्वांत रुजलेला समज. पाऊल पडताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, हे खरे. पण कूर्चा म्हणजे निर्जीव रबर नव्हे. मर्यादित, वारंवार पडणाऱ्या भाराला ती जुळवून घेते आणि भार सुटताना तिच्यात पोषकद्रव्ये शिरतात. स्टॅनफर्डच्या गटातील ४५ धावक आणि ५३ इतर यांच्या गुडघ्यांची सुमारे दोन दशके क्ष-किरण तपासणी झाली. धावकांत झीज अधिक आढळली नाही. २०१७ मधील एका एकत्रित विश्लेषणात गुडघा आणि खुब्याच्या सांधेझिजेचे प्रमाण हौशी धावकांत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावकांत १३.३ टक्के होते.

हौशी पातळीवरचे धावणे निरोगी गुडघा बिघडवत नाही, याबद्दल आता बऱ्यापैकी एकमत आहे. मतभेद उरतात ते दोन बाबतींत. फार जास्त अंतर आणि उच्च स्पर्धा यांचा धोका कितपत, ही एक बाब. आधीच झिजलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या किंवा स्थूल माणसाच्या गुडघ्याला हाच निष्कर्ष लागू करावा का, ही दुसरी. कारण अशी माणसे या अभ्यासांत कमी होती. वयस्क धावकांच्या तक्रारींत पोटरी आणि टाचेची शीर यांच्या दुखापतींना मोठे स्थान आहे, आणि वयानुसार त्या भरून यायला वेळ लागतो.

हृदय : जास्तीची मर्यादा

सर्वांत तीव्र मतभेद इथे आहेत. एका बाजूला जेम्स ओकीफ यांच्यासारखे हृदयरोगतज्ज्ञ आहेत. वर्षानुवर्षे अति दीर्घ धावणे हृदयावर व्रण ठेवू शकते, असे त्यांनी २०१२ मध्ये मांडले. त्यांच्या बाजूने कोपनहेगनमधील जॉगर्सचा २०१५ चा अभ्यास दाखवला जातो. त्यात मध्यम धावणाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत कमी आणि जोमाने धावणाऱ्यांचा जवळजवळ बैठ्या लोकांइतका दिसला. परंतु जोमाने धावणाऱ्यांच्या गटात सुमारे ४० माणसे आणि दोनच मृत्यू होते. एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही, ही टीका बहुतेकांना मान्य आहे.

दुसरा मुद्दा हृदयाच्या लयीचा. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीतील ५२,७५५ स्पर्धकांच्या अभ्यासात जास्त शर्यती केलेल्या आणि वेगवान स्पर्धकांत हृदयाची अनियमित लय अधिक आढळली. तिच्यातला मुख्य प्रकार एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर. याच शर्यतीच्या नोंदींवरील पुढच्या अभ्यासात स्त्रियांमध्ये हा धोका वाढलेला दिसला नाही. दीर्घकाळ कठोर सराव करणाऱ्या पुरुषांत या थरथरीचा धोका वाढतो, हे आता बहुतांश तज्ज्ञ मानतात.

तिसरा मुद्दा धमन्यांतील कॅल्शियमच्या थरांचा. जर्मनीत पन्नाशी उलटलेल्या १०८ मॅरेथॉन धावकांत, तेवढाच धोका असलेल्या इतरांच्या तुलनेत, हे थर जास्त आढळले. २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात असेच थर पुरुष खेळाडूंत दिसले, स्त्रियांत नाहीत. ते कठीण झालेले असल्याने फुटण्याची शक्यता कमी, असे दिलासादायक स्पष्टीकरण तेव्हा पुढे आले. २०२३ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी आयुष्यभर सराव केलेल्या पुरुषांत मऊ थरही कमी नसल्याचे नोंदवले आणि हे स्पष्टीकरण अडचणीत आले. उलट बाजूला कूपर केंद्राच्या माहितीत कॅल्शियम जास्त असूनही भरपूर व्यायाम करणाऱ्यांचा मृत्युदर वाढलेला दिसला नाही. थर आहेत, पण त्यांचा परिणाम काय, यावर वाद अडलेला आहे.

शर्यतीत अचानक हृदय बंद पडण्याचे प्रमाण मात्र अल्प आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख स्पर्धकांत अशा ५९ घटना घडल्या. त्यांत पुरुष अधिक होते. नंतरच्या दशकात घटनांचे प्रमाण तेवढेच राहिले, पण त्यांतून होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. छाती दाबून पुनरुज्जीवन करणे आणि विद्युतधक्का देणारे यंत्र वेळेत पोहोचणे यांना त्याचे श्रेय दिले जाते.

धावण्याने जे साधत नाही

वयानुसार स्नायूंचे वस्तुमान घटते. त्यातही झटकन ताकद लावणारे तंतू आधी जातात. घसरताना तोल सावरायला हेच तंतू कामी येतात आणि संथ धावण्यात त्यांचा वापर कमी होतो. हाडांच्या घनतेलाही धावण्याचा लाभ मर्यादित आणि मुख्यतः भार पडणाऱ्या भागांपुरता असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायामाबरोबर दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि पासष्टीपुढच्यांसाठी तीन दिवस तोल व ताकद साधणारा मिश्र व्यायाम सांगितला आहे. केवळ धावणाऱ्याचा दम उत्तम राहूनही तो पडून खुबा मोडून घेऊ शकतो, हे या शिफारशीमागचे तत्त्व आहे.

उशिरा सुरुवात

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत आणि ८५ व्या वर्षी ३ तास ५६ मिनिटे ३८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. जालंधरजवळच्या ब्यास पिंडचे फौजा सिंग यांनी २००० साली, सांगितल्या जाणाऱ्या वयाच्या ८९ व्या वर्षी, लंडन मॅरेथॉन धावून जगाचे लक्ष वेधले. २०११ मध्ये त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली, पण जन्मदाखला नसल्याने शंभरीचा विक्रम गिनेसने नोंदवला नाही. ही उदाहरणे शरीराची शक्यता दाखवतात, सरासरी माणसाचे भवितव्य नव्हे.

सरासरी माणसासाठी २०१८ मधील डॅलसचा प्रयोग अधिक उपयुक्त आहे. ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या व्यक्तींनी दोन वर्षे टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम केल्यावर त्यांच्या हृदयाचा ताठरपणा कमी झाला. आधीच्या अभ्यासांत सत्तरीत सुरू केलेल्या एका वर्षाच्या व्यायामाने तो फारसा बदलला नव्हता. त्यामुळे हृदयाच्या रचनेपुरती मध्यमवयाची वेळ मोलाची दिसते. दम आणि हालचालीची क्षमता मात्र सत्तरीपुढेही सुधारते.

भारतीय संदर्भ

२०११ च्या जनगणनेत साठीपुढील भारतीयांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या टप्प्यात १४,२२७ पैकी ५४.४ टक्के प्रौढ निष्क्रिय आढळले, आणि फावल्या वेळात व्यायाम करणारे दहा टक्क्यांहून कमी होते. दुसरीकडे धावण्याची संस्कृतीही वाढते आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची २००४ पासून भरते. मुंबईत ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र दौड असते. साताऱ्याच्या डोंगरवाटेवरची अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली.

भारतीयांना हृदयधमन्यांचा आजार तुलनेने कमी वयात होतो आणि मधुमेहाचे प्रमाणही मोठे आहे. त्यामुळे व्यायामाची गरज जास्त, आणि तपासणीविना एकदम जोमाने धावण्याचा धोकाही जास्त. दमट उकाडा ही आणखी एक बाब. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून पाणी कमी पडू शकते. तर संथ धावकांनी गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घसरते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांत ते कमी आढळले होते.

अनिर्णित बाबी

चार प्रश्नांपैकी परावलंबन लांबवण्याचा पुरावा सर्वांत आश्वासक आहे. आयुर्मानाशी संबंध दृढ आहे, पण त्यातील कारणाचा वाटा किती ते ठरलेले नाही. हौशी धावणे गुडघ्यांना घातक नाही. बहुतेक लाभ थोड्या धावण्यातच मिळतो, हेही बऱ्यापैकी निश्चित आहे.

उरलेल्या शंका अशा : वरची सुरक्षित मर्यादा आहे का आणि ती कोणासाठी, धमन्यांतील थरांचा पुढील आयुष्यावर परिणाम काय, स्त्रियांत हृदयाचे चित्र वेगळे का दिसते. १९७२ पर्यंत बॉस्टन मॅरेथॉनमध्ये आणि १९८४ पर्यंत ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश नव्हता. त्यामुळे आयुष्यभर धावलेल्या वृद्ध स्त्रियांची पहिली मोठी पिढी संशोधकांना आता कुठे उपलब्ध होत आहे. आजवरचा बहुतेक पुरावा युरोप-अमेरिकेतील गोऱ्या, सुशिक्षित, सुस्थितीतील लोकांचा आहे. शेतात किंवा कारखान्यात आयुष्यभर अंगमेहनत केलेल्या माणसाला साठीनंतर धावण्याचा लाभ तेवढाच होतो का, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी भारतासारख्या देशांत विविध थरांतील स्त्री-पुरुषांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे अभ्यास उभे राहणे गरजेचे आहे.